वयाचे गुण न्यूज-२ मध्ये मिळवायचे की वेगळे लिहायचे?

रात्रपाळी_आरएमओ
नागपुरातल्या ४० खाटांच्या मेडिसिन वार्डात न्यूज-२ चा तक्ता सुरू करतो आहोत (श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध यांना गुण द्यायचे; बेरीज जास्त तितका पेशंट बिघडलेला). नमुन्याचा पेशंट: वय ७६, श्वास २२, साध्या हवेवर ऑक्सिजन ९५, बीपी ११२/७०, नाडी ८८, ताप नाही, शुद्ध नीट. बेरीज ३. कोविडच्या काळात ६५ आणि पुढच्या वयाला ३ गुण जास्त देणारी सुधारित न्यूज निघाली होती. त्या हिशोबाने ६, म्हणजे डॉक्टरला तातडीचा फोन. कोणता आकडा धरायचा?

भूलवाला
दोन्ही, पण एकत्र नको. '३ + ३' असं लिहा. रेम्स (वयही धरणारी, इमर्जन्सीतली दुसरी गुणपद्धत) काढून पाहा म्हणजे कळेल. सरासरी बीपी ८४. ते, नाडी, श्वास, ऑक्सिजन, जीसीएस (शुद्धीचे गुण), सगळ्यांना शून्य. तरी रेम्स ६, कारण ७४ च्या वर नुसत्या वयाचेच ६ असतात. मोतीबिंदू दाखवायला ओपीडीत बसलेल्या आजोबांचाही तेवढाच येईल! वय सांगतं की बिघडला तर सावरणं कठीण. आत्ता बिघडतो आहे का, हे ते सांगत नाही. म्हणून खाट वार्डात की आयसीयूत, हे ठरवताना वय धरा. सिस्टरने फोन कधी करायचा, ते मूळ न्यूजवर. नाहीतर ६५ च्या वरचा प्रत्येकजण २ गुणांतच ५ ला, म्हणजे तातडीच्या फोनच्या सीमेला, टेकतो आणि चार दिवसांनी फोन कुणी उचलत नाही.

आयसीयू_सिस्टर
आधी श्वास खरा मोजा. पूर्ण ६० सेकंद, नाडी धरल्यासारखं करून, पेशंटला न सांगता. बहुतेक तक्त्यांत सरसकट १८ नाहीतर २० लिहिलेलं असतं. इथे २२ ला २ गुण आहेत, २० ला शून्य. अंदाजाने लिहिलं की ३ चा १ झाला.

थर्मामीटर फॅरनहाइटचा, तक्ता सेल्सिअसचा, हा दुसरा घोळ. ९५, ९६.८, १००.४, १०२.२ या चार सीमा तक्त्यावर चिकटवून टाका.

म्हातारं माणूस असंबद्ध बोललं तर 'वयच झालं ना' म्हणून सोडू नका. नातेवाइकांना विचारा, काल असेच बोलत होते का? कुणीच सांगू शकत नसेल तर नवीनच समजा: ३ गुण, आणि एकाच रकान्यात ३ आले की दर तासाला नोंद.

भूलवाला
सिस्टरचं बरोबर. त्यात बीपीची भर घालतो. एरवी १६०-१७० असणाऱ्याला ११२ म्हणजे मोठी घसरण, तक्ता मात्र शून्य देतो. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर नाडीही चढत नाही. अशा वेळी बेरीज कमी असली तरी बोलवा.

मे महिन्यासाठी आणखी एक: ताप १०३ असो की १०६, गुण दोनच. उष्माघाताचा संशय असेल तर बेरीज करत बसू नका, गुदमार्गे ताप घ्या आणि लगेच थंड करायला लागा. आणि १६ च्या आतल्यांना, गरोदर बायांना हा तक्ता नाहीच.

रात्रपाळी_आरएमओ
पटलं. पण नेहमीच्या बीपीला तक्त्यात रकाना नाही. कुठे लिहू?

आयसीयू_सिस्टर
वर नावाखाली, वयाच्या शेजारी. बीटा ब्लॉकरही तिथेच, लाल पेनाने.