मदत हवी आहे: ट्राइकच्या पुढच्या शॉकअपचं सील परत गळतंय

३५० सीसीच्या मोटरसायकलला मागे दोन चाकं जोडून ट्राइक केलेली आहे, पुढचे शॉकअप मूळचेच, पाइप ३५ मिमी. डाव्या बाजूचं ऑइल सील दोन महिन्यांत दुसऱ्यांदा गळालं. गळती वरूनच आहे, खालच्या बोल्टमधून नाही. दोन्ही वेळा सील आणि डस्ट सील नवं टाकलं, बसवताना पाइपच्या तोंडाला प्लास्टिक गुंडाळून सीलचा ओठ (आतली रबरी कड) जपला.

पाइप व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेज लावलं, वाकलेला नाही. पण सील जिथे घासतं तिथे गंजाचे तीन-चार खड्डे नखाला लागतात. २००० नंबरच्या पेपरने कडा मारल्या, उपयोग शून्य. बुशही (पाइपला आधार देणारी आतली कडी) एकाच बाजूने झिजलाय. ट्राइक वळणावर कलत नाही, आडवा जोर सगळा तिथेच येतो. बुश तर बदलणारच आहे. आरसीवर बदलाची नोंद असल्याने वेगळा फोर्क (पुढच्या शॉकअपची जोडी) बसवायचा नाही.

नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडला सुट्या पाइपच्या जोडीला हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण थर) करून मूळ मापावर ग्राइंडिंग करून देणारं कोणी आहे का? आणि ट्राइकला १०डब्ल्यूऐवजी जास्त घट्ट १५डब्ल्यू तेल घातलं, तर स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण दाबून मोजलेली तेलाची पातळी तीच ठेवायची की कमी?