मासेमारीच्या गेममध्ये वाट बघायला लावणं म्हणजे खेळणाऱ्याचा वेळ खाणं (चर्चा धागा)

रीळफिरव्या

आधीच कबूल करतो, धागा थोडा कळ लावायलाच काढलाय. पण मत खरंच माझं आहे. गेल्या तीन आठवड्यांत रोज रात्री ड्रीमकास्टवर (सेगा कंपनीचा जुना घरगुती कन्सोल) 'सेगा बास फिशिंग' खेळतोय आणि ते मत रोज पक्कं होत चाललंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेगाने १९९७ मध्ये 'गेट बास' नावाचं आर्केड मशीन (दुकानात नाणं टाकून खेळायचं) काढलं, १९९९ मध्ये तोच गेम घरच्या ड्रीमकास्टवर आला. हातात काठी, दोरीला नकली आमिष म्हणजे ल्यूर, आणि घड्याळ उलटं धावतंय. ठरलेल्या वेळात ठरलेल्या वजनाचे बास (गोड्या पाण्यातले शिकारी मासे) काढले नाहीत तर खेळ खलास. ल्यूर पाण्यात पडला की कॅमेराही त्याच्यामागे बुडी मारतो. मग मासे दिसतात. कोण दबा धरून बसलाय, कोण नुसताच भटकतोय, सगळं समोर.

काल रात्रीचंच सांगतो. बुडालेल्या झाडाच्या कडेने ल्यूर ओढत आणत होतो. एक दांडगा बास बाहेर आला आणि मागे मागे यायला लागला. मी रीळ थांबवलं, तोही थांबला. काठीला हलका झटका दिला, ल्यूर लटपटला, तो वीतभर पुढे सरकला. मी पुन्हा थांबलो. त्याने ल्यूरकडे बघितल्यासारखं केलं, शेपटी फिरवली आणि चालता झाला! पुढच्या फेकीला तोच (किंवा त्याचा भाऊ) आला आणि काही न विचारता गपकन गिळला. तिथून खरी मारामारी. मासा ओढेल तसा काठीचा रोख सांभाळायचा, ताणाची पट्टी लाल व्हायला लागली की रीळ सोडायचं, पट्टी उतरली की परत आवळायचं. हावरटपणा केला की तंगूस तुटलाच. मासा वर आला की निवेदक त्याच्या आकाराप्रमाणे ओरडतो. 'ह्यूज वन' ऐकलं की मी अजूनही खुर्चीतून अर्धा उठतो.

मासेमारीत जे काही रंगतदार आहे ते एवढंच. बाकी तासन्‌तास पाण्याकडे बघत बसणं गेममध्ये आणून काय मिळतं? सेगाने ते कापून टाकलं आणि बरं केलं.

संथपाणी

सेगाने वाट कापली ती काही विचार करून नव्हे. आर्केड मशीनसमोर माणूस अर्धा तास शांत बसला तर मालकाने नाणी कुठून मोजायची? खेळ दोन-चार मिनिटांत संपला पाहिजे किंवा पुढचं नाणं पडलं पाहिजे, म्हणून घड्याळ. तुम्ही ज्याला कल्पकता म्हणताय तो गल्ल्याचा हिशोब आहे.

दुसरं, पाण्याखालचा कॅमेरा. मासेमारीची सगळी मेख ही की खाली काय चाललंय ते दिसत नाही. दोरी बोटावर ठेवून अंदाज घ्यायचा. हा दगडाला घासला, हे शेवाळ, हा... नाही, हा मासाच! तुमच्या गेममध्ये मासा येताना दिसतो, तोंड उघडताना दिसतो. म्हणजे उत्तरपत्रिका शेजारी ठेवून परीक्षा द्यायची आणि वर पहिला आल्याचं सांगत फिरायचं.

'लेजंड ऑफ द रिव्हर किंग' खेळून बघा, निन्टेंडोच्या हातात धरायच्या गेम बॉयवरचा. 'कावा नो नुशी त्सुरी' ही जपानी मालिका १९९० मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलवर सुरू झाली, तिचाच हा पुढचा अवतार. धाकटी बहीण आजारी आहे, ती बरी व्हायला नदीचा राजा असलेला मासा हवा. एवढीच गोष्ट. काठावरून चालत जायचं, काठी आणि आमिष निवडायचं, टाकायचं आणि गप्प बसायचं. पकडलेले मासे विकून बरी काठी घ्यायची आणि आणखी वर जायचं. चिमुकल्या पडद्यावर ठिपक्यांची नदी, तरी ती नदी वाटते. सेगाचा तलाव मला जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानासारखा वाटतो.

भंगारखजिना

दोघेही महत्त्वाचं सोडून भांडताय. रीळफिरव्या, साध्या पॅडवर (नेहमीचा बटणांचा कंट्रोलर) खेळतोस की फिशिंग कंट्रोलरवर? पॅडवर असशील तर तू अजून हा गेम खेळलेलाच नाहीस.

ड्रीमकास्टसाठी काठीच्या मुठीसारखा वेगळा कंट्रोलर होता. बाजूला फिरवायचं रिळाचं हँडल, आत हालचाल ओळखणारे सेन्सर, आणि मासा लागला की मूठ हातात थरथरते. काठी नाहीच, नुसती मूठ. पण हात फेकला की ल्यूर जातो आणि मनगट उडवलं की ल्यूर उडतो. हे १९९९ मध्ये! हात हलवून खेळायचं कौतुक जग पुढे निन्टेंडोचा वी कन्सोल आल्यावर करत बसलं. (२००८ मध्ये हाच गेम वीवरही आला, ते वेगळं.)

आणि एक जादा माहिती, माहीत असेल त्यांनी हसू नये: हाच कंट्रोलर 'सोलकॅलिबर' या तलवारबाजीच्या गेममध्येही चालतो. मासे पकडायच्या मुठीने तलवार. मी त्याच्यावर एकदा मित्राला हरवलंय, त्यानंतर तो माझ्याशी 'सोलकॅलिबर' खेळलेला नाही.

रीळफिरव्या

भंगारखजिना, कंट्रोलर आहे. पण हँडल फिरवताना कुरकुर करतं, रात्री घरचे उठतात, म्हणून निम्मा वेळ पॅड. तुझं म्हणणं मान्य, फरक पडतो. पॅडवर मी ताणाच्या पट्टीकडे बघत खेळतो, कंट्रोलरवर पट्टी विसरतो.

संथपाणी, गल्ल्याचा हिशोब हे कारण खरं असेलही. पण कारण कुठलंही असो, हाती काय लागलं ते बघा ना. वृत्त सांभाळायचं म्हणून कवीला हवासा शब्द गाळावा लागतो आणि कधी कधी ओळ त्यामुळेच चांगली होते. आणि घरच्या आवृत्तीत स्पर्धांचा वेगळा मोडही आहेच. तिथे नाण्यांचा प्रश्न नाही, तरी मला तो मोडही आवडतो.

तळ्यातमळ्यात

मी नावाप्रमाणेच मध्ये उभा. 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'मधलं तळं (१९९८) कोणीच काढलं नाही म्हणून लिहितोय.

तो मासेमारीचा गेमच नाही. जग वाचवायला निघालेला पोरगा वाटेत तळ्याच्या मालकाला वीस रुपी (गेममधलं चलन) देतो आणि गळ टाकत बसतो. जग थांबतं. घड्याळ नाही. मासे वरून पुसट दिसतात, अगदी लपलेलेही नाहीत आणि अगदी समोरही नाहीत. मासा ल्यूरजवळ येऊन नुसता हुंगून जातो तेव्हा तुमच्या दोघांचंही म्हणणं पटतं. शिवाय मोठेपणी परत आलात तर गळ मुद्दाम मालकाच्या टोपीवर टाकून बघा. टोपी निघते आणि खालचं टक्कल दिसतं. एवढ्याशा चाळ्यासाठी कोणीतरी बसून ते सगळं रचलंय, याचं मला अजून नवल वाटतं.

जुनापडदा

मध्येच तांत्रिक बोलतो. जुने गेम आजच्या टीव्हीला जोडून खेळणारे 'मासा लागतच नाही' म्हणतात, त्यांनी आधी टीव्ही तपासा. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ लगेच उमटतं. सपाट टीव्ही चित्र रंगवून-सजवून मग दाखवतो. गेम सेकंदाला ६० चित्रं काढत असेल तर एक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. टीव्हीने ५० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही तीन चित्रं मागे. सेगाच्या गेममध्ये निभावून जातं, मासा लागल्यावर बराच वेळ झुंज चालते. पण झेल्डाच्या तळ्यात तोंड लावल्या क्षणी बटण दाबावं लागतं, तिथे उशीर झाला की मासा थुंकून मोकळा. टीव्हीत गेम मोड असतो, तो चालू करा आणि मग गेमला शिव्या द्या.

संथपाणी

जुनापडदा, धन्यवाद, झेल्डात माझे मासे का सुटायचे ते आज कळलं. इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होतो.

रीळफिरव्या, आता वाट बघण्याबद्दल. तुम्ही म्हणता त्या वेळात काही घडत नाही. बासचंच उदाहरण घ्या. सगळ्यात मोठ्या लार्जमाउथ बासचा विक्रम जॉर्ज पेरी यांचा, १९३२, अमेरिकेत जॉर्जियात. वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या किंचित वर. पुढे ७७ वर्षं जगभरची माणसं गळ टाकत होती. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी जेमतेम औंसभर जड मासा काढला. नियमाने जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी धरली! आता हे तुमच्या घड्याळात बसवून दाखवा.

आणि तो मासा मुळात जपानचा नव्हेच. १९२५ मध्ये अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला, पुढे इतका पसरला की २००५ मध्ये त्याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत टाकावं लागलं. मधल्या काळात त्याच्यावर जपान्यांनी किती गेम काढले बघा. सरोवरात नकोसा आणि कन्सोलवर लाडका. मुद्द्याशी याचा तसा संबंध नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

रीळफिरव्या

७७ वर्षांची गोष्ट जबरदस्त आहे. पण काका, ती ऐकायला जबरदस्त आहे. त्या ७७ वर्षांत रिकाम्या हाताने घरी गेलेल्यांचा गेम काढला तर घेणार कोण?

संथपाणी

मी घेईन. आणि काका कोणाला म्हणतोस?

भंगारखजिना

'रील फिशिंग' घ्या मग, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. खऱ्या माशांचं चित्रीकरण केलेलं पाणी बघत बसायचं. संथपाणी यांना आवडेल, मला झोप येते. चार वेळा सुरू केला, एकदाही पहिल्या जागेच्या पुढे गेलो नाही. गेम वाईट आहे असं म्हणत नाही, पण त्यातली गंमत टीव्ही न बघता खिडकीबाहेर बघितलं तरी मिळते.

संथपाणी

खिडकीबाहेर मासे असतात तुमच्या?

रीळफिरव्या, एक पैज. चार दिवस सेगा बंद. 'रिव्हर किंग' खेळा, रोज एक तास, मध्ये फोन बघायचा नाही. मग येऊन शिव्या द्या, मी उलट बोलणार नाही.

रीळफिरव्या

पैज मंजूर. चार दिवसांनी येतो.

रीळफिरव्या

आलो. प्रामाणिकपणे सांगतो.

पहिला दिवस: वैताग. नदीकाठचे प्राणी चावतात हे कोणी सांगितलं नव्हतं. मासे धरायला गेलो आणि जनावरांशी मारामारी करत बसलो. हाती आले ते चिल्लर मासे, तेही विकून फार काही मिळालं नाही. फोनला दोनदा हात गेला, परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी एकाच जागी चिकटून बसलो. आमिष बदललं आणि इतका वेळ नुसता फिरणारा मासा पहिल्याच खेपेला आला. ते बरं वाटलं, पण ती वाट बघण्याची मजा नव्हे, कोडं सुटल्याची मजा. संथपाणी, हा माझा मुद्दा झाला, तुमचा नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी झालं. गळ टाकून बसलो होतो, काही येत नव्हतं, आणि लक्षात आलं की मी श्वास रोखलाय. अगदी तसाच, जसा सेगात तो दांडगा बास ल्यूरमागे येऊन थबकला तेव्हा रोखला होता. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझी पहिली पोस्ट चुकली. सेगाने वाट कापलेली नाही. आधीची सगळी पाण्यात टाकून दिली आणि शेवटची चार सेकंदं ठेवली, मासा घेणार की फिरणार एवढीच. मला त्या गेममध्ये जे आवडतं तीही वाटच आहे. मी तिला मारामारी समजत होतो. खरं म्हणजे मासा लागल्यावर माझं निम्मं लक्ष उडतं, हेही आता कबूल करून टाकतो.

पण म्हणून चार सेकंदांची गोष्ट तासभर ताणावी, हे अजूनही पटत नाही. शीर्षक बदलणार नाही.

भंगारखजिना

म्हणजे हरलास की जिंकलास?

तळ्यातमळ्यात

या बाजूला जागा आहे, ये.

संथपाणी

उलट बोलणार नाही म्हटलं होतं, म्हणून एवढंच विचारतो: चौथ्या दिवशी काय झालं?

रीळफिरव्या

चौथ्या दिवशी तासाचे तीन तास झाले. नदीचा राजा सापडला नाही, बहीण अजून आजारी आहे. सेगाची तबकडी काढून ठेवली आहे, ती बरी झाली की लावेन.