प्लासिबोनेही (औषध नसलेल्या खोट्या गोळीनेही) जुलाब थांबतात, म्हणूनच तर चाचणी लागते
काही जण म्हणतात की नुसत्या खोट्या गोळीनेही काहींचे जुलाब थांबत असतील तर असल्या चाचण्यांना अर्थ काय. मला उलट वाटतं, जुलाब आपोआप कमीजास्त होत राहतात म्हणूनच तर तुलनेसाठी प्लासिबो गट लागतो. क्रोफेलेमर या जुलाबावरच्या औषधाचंच बघा ना, एचआयव्हीची औषधं चालू असलेल्या आणि महिनाभरापेक्षा जास्त जुलाबाने हैराण ३७४ लोकांवर चाचणी झाली आणि निकष बराच कडक होता, चारपैकी किमान दोन आठवडे तरी पाण्यासारखी शौच आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी व्हायला हवी. औषधाच्या गटात १७.६ टक्के लोकांना ते जमलं, प्लासिबोत ८ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त, पण दहातल्या आठांना तेवढा आराम पडलाच नाही हेही पेशंटला आधीच सांगायला हवं, नाहीतर बिचारा आशेवर बसतो.

अजून एक, हे औषध दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल चिकापासून बनतं आणि आतड्याची हालचाल मंद करत नाही, पेशींमधून क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या अडवतं, त्यामुळे मागोमाग येणारं पाणी कमी होतं. अमेरिकेत २०१२ च्या अगदी शेवटी मंजुरी मिळाली पण फक्त एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या जंतुसंसर्ग नसलेल्या जुलाबांसाठी, तेव्हा आधी शौचाची तपासणी करून घ्याच, ती टाळून गोळी सुरू केली तर खरा संसर्ग तसाच आत राहील.