मदत हवी आहे: 'कूम' म्हणजे आपला 'कुंभ' का?

मंडळी, इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या एका शेतकऱ्याची जुनी हिशेबवही मराठीत आणतोय आणि 'दहा कूम बार्ली'पाशी गाडी अडलीय. पहिल्या खर्ड्यात मी चक्क 'दहा दऱ्या बार्ली' लिहून मोकळा झालो होतो! कूम म्हणजे दरी असाही शब्द आहे, पण तो ब्रिटनच्या केल्टिक भाषेतून आलेला. उच्चार तेवढा सारखा.

माझा कूम धान्याचा. चार बुशेलांचा एक कूम, म्हणजे साधारण १४५ लिटर. नॉरफोक-सफोककडे पार विसाव्या शतकापर्यंत पोती याच मापाची असत. माप तेच, वजन मात्र धान्यागणिक वेगळं: गव्हाचं पोतं १८ स्टोन (११४ किलो), बार्लीचं १६, ओटचं १२. गडी ते पाठीवर घेऊन कोठाराच्या पायऱ्या चढायचे. आपल्याकडे पायलीभर भात आणि पायलीभर ज्वारी काट्यावर सारखी भरत नाही, तसंच.

शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'कुंब'चा, अर्थ भांडं. इंग्लंडमधल्या मर्सियाच्या ओफा राजाच्या आठव्या शतकातल्या सनदेत कुंबभर बीअर येते, धान्य नंतरचं. चिपटं भांडंही आणि मापही, त्यातलाच प्रकार.

आता अडचण. कुंभ हेही भांडं आणि धान्याचं मापही. मनुस्मृतीत दहा कुंभांहून जास्त धान्य चोरणाऱ्याला शिक्षा सांगितलीय. हे दोन शब्द सख्खे का? तसं असेल तर सरळ 'दहा कुंभ' लिहू? की मणात सांगू?

प्रतिसाद १
सख्खे म्हणायला ध्वनिनियम आड येतो. संस्कृतातल्या आद्य 'क'च्या जागी इंग्रजीत 'ह' सापडायला हवा: कः (कोण) आणि त्याच अर्थाचं इंग्रजी हू. कूमचा 'क' तसाच राहिलाय. जर्मन 'कुंफ' (खोलगट भांडं) हा त्याचा खरा भाऊबंद.
मणाच्या वाटेला तर जाऊच नका. कूमभर गहू जुन्या मुंबई मणाने (२८ पौंड) नऊ मण, बंगाली मणाने जेमतेम तीन. शिवाय कुंभ म्हटलं की वाचकाला नाशिक आठवणार.

धागाकर्ता
नाशिकचं डोक्यातच आलं नव्हतं! 'दहा कूम' ठेवतो, पहिल्या वेळी '(मोठी पोती)' जोडतो. पुढच्या पानावर 'पेक' हे आणखी एक माप आहे, तेव्हा धागा बंद करू नका.