साध्यासुध्या गोष्टींचे फोटो: तुमचे अनुभव लिहा

माळवदावरची
सकाळी भाचीनं फोटो पाठवला. गावाकडचा पाझरणारा रांजण, पोटावर क्षारांचे पांढरे ओघळ आणि त्यांवर उन्हाची तिरीप. कितीतरी वेळ बघत बसले.

आज्जीचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आठवलं. सवण्यातून, म्हणजे छतातल्या उजेडाच्या भोकातून, चुलीपुढं कवडसा पडायचा. धूर नि पिठाची धूळ त्यात तरंगायची, म्हणून उजेडाचा खांबच उभा दिसायचा. मामाच्या कॅमेऱ्यातल्या रोलचा शेवटचा फोटो सगळ्यांना देवगिरी किल्ल्यावर काढायचा होता. मी हट्टानं आज्जी भाकरी थापताना काढला. चेहरा नाहीच त्यात. परात, बोटं, बांगड्यांना लागलेलं पीठ. आज सगळ्या भावंडांना तोच फोटो हवा असतो.

तुमचेही लिहा ना.

औसेकर
सवणं म्हटलं की पाऊस आठवतो. ढग आले की माळवदावर पळायचं नि त्यावर पाटी उपडी घालायची. आता स्लॅब आहे. फोटो एकबी नाही.

सुताराची लेक
वेरूळला सगळे कैलास लेण्यापुढं उभे राहतात. आमचे बाबा 10 नंबरच्या लेण्यातच रमले. त्याला सुतार की झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या कमानी, पण सगळ्या कातळात कोरलेल्या. बाबा मान वर करून म्हणाले, "हे करणाऱ्यानं आधी लाकूड हाताळलंय बघ." मी छत सोडून बाबांचाच फोटो काढला. रंधा मारून मारून घट्टे पडलेलं बोट वर केलेलं. तो दुकानात लावलाय.

परभणीची मावशी
किती छान गं लेकी. डोळे भरले.

लातूरकर
2016. मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातलं. गच्चीवरून खाली बघितलं तर टँकरची वाट बघत घागरींची रांग, लाल, निळ्या, पिवळ्या, गल्लीच्या वळणावर वळलेली. फोटो सुंदर आला. कुणाला दाखवावा वाटेना, त्या रांगेत आई उभी होती.

माळवदावरची
दादा, ठेवा तो फोटो. आईंनी काय सोसलं ते लेकरांना कळायला पाहिजे.

किल्लारीकडची
आमच्याकडं 1993च्या भूकंपाआधीचं काहीच राहिलं नाही, अल्बम ढिगाऱ्यात गेला. सोलापूरच्या आत्याकडं एका लग्नाचा फोटो सापडला. नवरानवरीच्या मागं आमच्या ओसरीचा खांब नि खुंटीला टांगलेला कंदील. नवरानवरी कोण, कुणी विचारलंच नाही. वडील त्या कंदिलावर बोट ठेवून बसले होते.

परभणीची मावशी
काय बोलावं बाई.

नांदेडचा भाचा
कवडसा मोबाईलमध्ये पांढरा फटक येतो. कसा काढायचा?

सुताराची लेक
आधी लेन्स पुसा. कवडशावर बोट दाबून धरा, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. मागं अंधार पाहिजे.

औसेकर
येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून काढा. कडब्याच्या फटींतून ऊन आत येतं, पांडव म्हणून पुजलेल्या दगडांवर नि आंबिलाच्या भांड्यावर, बिंदग्यावर पट्टे पडतात. गेल्या साली पुतणीनं काढलाय, मी तर बघतच राहिलो.

नांदेडचा भाचा
आमच्याकडं शेत नाही काका.

औसेकर
मग ये की इकडं. शेत आपलंच समज. येळवशीची मिसळभाज्यांची भज्जी पोटभर मिळंल.

परभणीची मावशी
मी पण येते, पिठाचे वाफवलेले उंडे करून आणायचं माझ्याकडं लागलं. कुकर झाला, पळते.