गोठलेली रीजन: आधी डंप की थेट रिस्टार्ट?

इंदिरानगरचा_ऑनकॉल

पुण्यातलं भाड्याचं घर सोडून नाशकात परत आलो त्याला दोन वर्षं झाली. काम तेच, झेडओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि सीआयसीएसचं (तिच्यावर ऑनलाइन व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर). रात्रीचा फोन तेवढा आता इंदिरानगरच्या गॅलरीत घ्यावा लागतो. मध्यंतरी एकाच दुखण्यानं तीनदा उठवलं आणि तिन्ही वेळा ब्रिज कॉलवर (बिघाड झाला की सगळे एकत्र येतात त्या फोनवर) तेच भांडण झालं, म्हणून इथे मांडतोय. क्लायंट कोण ते विचारू नका.

महिनाअखेर, रात्री पावणेबारा. ऑनलाइन रीजन, म्हणजे सीआयसीएसची एक चालती प्रत, जागच्या जागी गोठली. अ‍ॅड्रेस स्पेस (रीजनची मेमरीतली जागा) जिवंत, सीपीयू जवळपास शून्य, मॅक्सटास्क (एका वेळच्या टास्कची कमाल मर्यादा) गाठलेला, ट्रान्झॅक्शन एकही पुढे सरकत नाही. मी म्हटलं डंप (त्या क्षणाच्या मेमरीची नक्कल) घेऊ, चार मिनिटं द्या. कॉलवरच्या साहेबांचं एकच पालुपद, "रिस्टार्ट मारा." ऑपरेटरनं कॅन्सल दिला, तोही नुसता. जॉबलॉगमध्ये एस२२२, म्हणजे डंपविना कॅन्सल केल्याचा कोड. निदान डंपसकट कॅन्सल केला असता तर एस१२२ पडला असता आणि जेसीएलमध्ये (जॉब चालवायच्या सूचनांत) डंप कुठे लिहायचा ते सांगणारा डीडी असता तर काहीतरी हाती लागलं असतं. रीजन उठली, सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले, कारणाच्या रकान्यात 'तात्पुरता अडथळा' असं लिहून मोकळे झालो.

दहा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा एस२२२, पुन्हा आभार.

तिसऱ्या वेळी मी कुणाला विचारलंच नाही. कन्सोलवर डंप कमांड दिली, आयईई०९४डी आला (कशाचा डंप हवा असं विचारणारा मेसेज), त्याला जॉबनेम आणि एसडेटा (मेमरीचे कुठले भाग घ्यायचे ते) रिप्लाय केलं. सकाळी आयपीसीएसमध्ये (डंप वाचायच्या टूलमध्ये) सीआयसीएसचं व्हर्बएक्झिट (त्याचा डंप उलगडून दाखवणारी कमांड) चालवलं, तर अर्ध्या तासात चोर सापडला. झाडून सगळे टास्क एका एनक्यूच्या (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपाच्या) दारात ताटकळत उभे. तो एनक्यू ज्याच्या खिशात, तो टास्क दुसऱ्या रीजनकडून उत्तर येईल म्हणून बसलेला. प्रोफाइलमध्ये आरटाइमआउट (उत्तराची वाट किती वेळ बघायची ते) 'नो'. म्हणजे उत्तर नाही आलं तर जन्मभर बसून राहायची मुभा. एवढ्या एका पॅरामीटरपायी तीन रात्रींची झोप गेली.

माझं मत: गोठलेल्या रीजनचा डंप न घेता रिस्टार्ट करणं हा गुन्हा मानावा. गोदेचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते पूर असतानाच बघायचं असतं. पाणी उतरून घाट धुऊन काढल्यावर काय मोजणार?

बॅचविंडो

दादा, मारुती तुम्हीच काढलात म्हणून सांगते. माझ्या मामांचं दुकान भांडीबाजारात आहे. पाणी चढायला लागलं की आधी माल माळ्यावर जातो. मारुती कुठवर बुडाला ते बघायला पुलावर माणसं असतातच, पण त्यांच्यातल्या कुणाची भांडी वाहून जात नसतात.

मी शिफ्ट लीड आहे. कॉलवरचे ते साहेब रोज माझ्या कानात असतात. एटीएमसमोर उभ्या माणसाला तुमचा डंप दिसत नाही, त्याला 'व्यवहार अपूर्ण' एवढंच दिसतं. आणि डंप फुकट नसतो. आमच्याकडे एकानं मॅक्सस्पेस (डंप पकडायला मिळणाऱ्या जागेची मर्यादा) भरमसाट वाढवून ठेवला होता. ५०० एमबीच्या डिफॉल्टमध्ये डंप अर्धवट निघतो ही त्याची तक्रार, आणि ती खरीच होती. पण त्याच्या जोडीनं पेज डेटासेट (मेमरी पुरेनाशी झाली की वापरायची डिस्कवरची जागा, म्हणजे ऑक्झिलरी स्टोरेज) वाढवायला हवेत हे राहून गेलं. एका रात्री डीबीटूचा (डेटाबेसचा) डंप घ्यायला गेलो आणि कन्सोलवर आयआरए२००ई. ऑक्झिलरी स्टोरेज ७० टक्क्यांच्या वर. एक अ‍ॅड्रेस स्पेस अडकली होती, तिला सोडवायला गेलो तर अख्खी एलपार (मेनफ्रेमचा एक स्वतंत्र हिस्सा) धापा टाकायला लागली. त्या रात्री गुन्हा कुणाचा धरायचा?

शिवाय डंपच्या आधी करण्यासारखं बरंच असतं. डी जीआरएस,सी (कोण कुणाच्या कुलपासाठी अडलंय ते दाखवणारी कमांड) द्यायला दोन सेकंद लागतात आणि कंटेन्शनची यादी सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) कायमची राहते.

इंदिरानगरचा_ऑनकॉल

ताई, जीआरएस मीही पाहिला होता. कोरा. सीआयसीएसच्या आतला एनक्यू सीआयसीएसच सांभाळतो. एनक्यूमॉडेल ही व्याख्या लावून तो सिस्प्लेक्सभर (जोडलेल्या सगळ्या सिस्टिमसाठी) केलेला असेल तरच जीआरएसला दिसतो. दोन सेकंदांत "कंटेन्शन नाही" असं खोटं समाधान मिळालं असतं आणि आपण नेटवर्कवाल्यांना उठवलं असतं.

बॅचविंडो

बरं, तो मुद्दा मान्य. मग सीईकेएल (अडलेले टास्क बघून मारायची सीआयसीएसची आणीबाणीची सोय) का नाही चालवलं? मॅक्सटास्कमुळे सीईएमटी (नेहमीची नियंत्रणाची सोय) उठत नसलं तरी कन्सोलवरून मॉडिफाय कमांड देऊन सीईकेएल चालतं. टास्कची यादी काढा, सगळ्यात जुना टास्क मारा. डंप नको आणि रिस्टार्टही नको.

गोदाकाठचा_कोबोल

मी अ‍ॅप्लिकेशनवाला, त्यामुळे माझं बोलणं तुम्हा लोकांना हलकं वाटेल. पण डंप घ्या डंप घ्या म्हणता, तो उघडतं कोण? आमच्या एचएलक्यूखाली (डेटासेटच्या नावाच्या पहिल्या भागाखाली) डंपचे डेटासेट पडून असतात, एचएसएम (पडून राहिलेले डेटासेट हलवणारा) बिचारा ते मायग्रेट करून करून थकतो. घेतलेल्या दहांतला एक तरी उघडतो का, प्रामाणिकपणे सांगा.

आणि आमच्या बॅचच्या अबेंडला (प्रोग्रॅम मध्येच पडण्याला) डंप लागतच नाही. परवा पगाराच्या जॉबला एस०सी७ (आकड्याच्या जागी भलताच डेटा) आला. इनपुट फाइलमध्ये रकमेची जागा रिकामी. रिकामी म्हणजे स्पेस, एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात) एक्स ४०. तो पॅक केला की शेवटचे दोन निबल (अर्धे बाइट) उलटतात आणि साइनच्या जागी ४ जाऊन बसतो. चालणारी साइन ए ते एफ. झालं! कंपाइल लिस्टिंगमध्ये ऑफसेट शोधला, ओळ सापडली, चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

इंदिरानगरचा_ऑनकॉल

तुमचा प्रोग्रॅम पडला होता हो. पडलेला माणूस कुठे पडला ते तरी सांगतो. माझी रीजन पडलीच नव्हती, उभ्या उभ्या गप्प झाली होती.

सोळाएमबीच्याखाली

सत्तरीला आलो, निवृत्त आहे, सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चार फेऱ्या मारतो आणि दुपारी तुमची भांडणं वाचतो. तुम्ही दोघंही घड्याळ चुकीचं बघताय.

ऑनकॉल, ते "चार मिनिटं" कशापासून कशापर्यंत मोजलंत? एसव्हीसी डंपचे, म्हणजे तुम्ही कन्सोलवरून घेतलात तशा डंपचे, दोन टप्पे असतात. पहिल्यात सिस्टिम तुमच्या अ‍ॅड्रेस स्पेसमधला ऐवज उचलून डंपसर्व्ह या डंप सांभाळणाऱ्या सेवेच्या ताब्यात देते. हा झाला कॅप्चर. तो संपला की आयईए७९४आय हा मेसेज येतो. दुसऱ्या टप्प्यात तो ऐवज निवांतपणे डिस्कवर लिहिला जातो आणि लिहून झाला की आयईए६११आय. वेळ खातो तो बहुतेकदा हा दुसरा टप्पा. पण त्याला तुमची रीजन लागतच नाही! ७९४ दिसला की खुशाल कॅन्सल करा, रिस्टार्ट करा, डंप आपला मागे लिहिला जात राहतो.

तेव्हा कॉलवर चार मिनिटं मागणारा चूक, आणि चार मिनिटं नाहीत म्हणून नाही म्हणणाराही चूक.

बॅचविंडो यांचा आयआरए२००ईचा किस्सा मात्र अगदी खरा आहे. कॅप्चर केलेला ऐवज लिहून होईपर्यंत रिअलमध्ये नाहीतर ऑक्झिलरीत राहतो. डी डी,ओ कमांड देऊन मॅक्सस्पेस किती आहे ते बघा आणि तेवढं पोट पेज डेटासेटना आहे का ते दिवसाउजेडी तपासा. रात्री पावणेबाराला ते कुणी तपासत नसतं.

सीईकेएलबद्दल: सगळ्यात जुना टास्क हाच गुन्हेगार असं गृहीत धरू नका. कधी कधी जुना टास्क हा लांबच्या प्रवासाला निघालेला सज्जन प्रवासी असतो.

इंदिरानगरचा_ऑनकॉल

काका, खरं सांगायचं तर मी ६११ची वाट बघत बसलो होतो. कॉलवर सगळे घड्याळाकडे बघतायत आणि मी डिस्कवर लिहून व्हायची राखण करतोय. सिसलॉग आत्ता काढून पाहिला. ७९४ बावीस सेकंदांत आला होता.

बॅचविंडो

बावीस सेकंद?! आणि मी तीन वर्षं प्रत्येक डंपला चार मिनिटं धरून नाही म्हणतेय.

तरी मत बदललेलं नाही. तुमची रीजन लहान असेल. आमच्या डीबीटूला बावीस सेकंद लागणार नाहीत.

नवीनच_आलेय

मी प्रशिक्षण संपवून दोन महिन्यांपूर्वी टीममध्ये आले. प्रश्न बाळबोध असेल, पण गोदाकाठदादा म्हणाले ना की उघडतं कोण, तर परवा मी उघडला. आयपीसीएसमध्ये स्टेटस फेलडेटा (पडण्याचा तपशील दाखवणारी कमांड) दिलं, हाती काहीच आलं नाही. डंप खराब होता का?

सोळाएमबीच्याखाली

नाही बेटा, डंप चांगला आहे. कन्सोलवरून मागून घेतलेला ना? मग फेलडेटा येणार कुठून? कोणी पडलंच नाही तर पडण्याचा पंचनामा कसा असेल? तिथे समरी फॉरमॅट आणि त्या त्या सबसिस्टिमचं व्हर्बएक्झिट. फेलडेटा अबेंडच्या डंपला.

आणि अबेंडचा डंप बघशील तेव्हा एका गोष्टीत फसू नकोस, मी तरुणपणी दोन दिवस फसलो होतो. एस०सी४मध्ये (मेमरीच्या भलत्याच पत्त्याला हात लावल्याच्या अबेंडमध्ये) पीएसडब्ल्यू (प्रोसेसर कुठवर आला ते सांगणारी नोंद) कुठल्या इन्स्ट्रक्शनकडे बोट दाखवतो? वर्गात शिकवतात: पुढच्या. म्हणून इन्स्ट्रक्शनची लांबी वजा करायची. रीझन कोड ४ असेल, म्हणजे प्रोटेक्शन एक्सेप्शन, तर ते बरोबर. पण रीझन १० किंवा ११ असेल तर तो सेगमेंट किंवा पेज ट्रान्सलेशनचा मामला, आणि तिथे पीएसडब्ल्यू त्याच इन्स्ट्रक्शनवर थांबलेला असतो. वजा केलंस की शेजारच्या निरपराध इन्स्ट्रक्शनला धरशील. आमच्या वेळी हिरव्या पट्ट्यांच्या कागदाचा गठ्ठा समोर असायचा, त्यावर मी लाल पेनानं त्या निरपराधाभोवती गोल करून साहेबांकडे गेलो होतो. त्यांनी काही न बोलता त्याच्या पुढच्या ओळीभोवती गोल केला.

गोदाकाठचा_कोबोल

काका, हे आम्हाला कुणीच कधी सांगितलं नाही. माझा "डंप लागतच नाही" हा मुद्दा एस०सी७पुरताच होता असं समजा. 🙏

एक मात्र राहिलंच. डंपमध्ये खातेदारांची माहिती जशीच्या तशी असते. व्हेंडरला पाठवायच्या आधी ती कोण झाकतं? आमच्याकडे कुणीच नाही.

इंदिरानगरचा_ऑनकॉल

आमच्याकडेही परवानगीचा फॉर्म आहे, झाकणारा माणूस नाही. तो वेगळाच धागा होईल.

मूळ मुद्द्यावर येतो. गुन्हा हा शब्द मागे घेतो, मत नाही. रीजन नुसती हळू चालत असेल तर डंपचा आग्रह मीही धरणार नाही. हळू चालणाऱ्याचा डंप म्हणजे वरातीचा एक फोटो. त्यात घोडा पुढे चाललाय की मागे ते कळत नाही, तिथे आरएमएफ (सिस्टिमचा वेग मोजणारं टूल) बघावं. पण गोठलेल्या रीजनमध्ये सगळे जागच्या जागी उभे असतात, एक फोटो पुरतो. तो काढल्याशिवाय मी कॅन्सल देणार नाही.

बॅचविंडो

तुम्ही देत नाहीच. कॅन्सल मी देते. 🙂 रात्री तुम्हाला फोन लागेपर्यंत पाच मिनिटं जातात, ती तुमच्या हिशोबात नाहीत.

सोळाएमबीच्याखाली

मग फोनची वाट बघूच नका. पार्मलिबमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगच्या लायब्ररीत) आयईएडीएमसीचा (डंप कमांडच्या तयार उत्तरांचा) एक मेंबर करून ठेवा, जॉबनेम आणि एसडेटा आधीच लिहिलेलं. ऑपरेटरनं डंप कमांडमध्ये पार्मलिब= दिलं की झालं. रिप्लाय हातानं टाइप करायची भानगड नाही, रात्री कंस चुकायचीही नाही.

बॅचविंडो

हे चालेल. पण रनबुकमध्ये (ऑपरेटरच्या सूचनावहीत) माझं कलम असं जाईल: मेंबर चालवायचा, ७९४ची वाट ४५ सेकंद, नाही आला तर कॅन्सल.

इंदिरानगरचा_ऑनकॉल

९०.

बॅचविंडो

हा काय भाजीबाजार आहे? ६०.

इंदिरानगरचा_ऑनकॉल

६० मान्य. पण कॅन्सल डंपसकट. एस२२२ मला परत बघायचा नाही. डीडी मी उद्याच जेसीएलमध्ये टाकतो.

बॅचविंडो

चेंज विंडो (बदल करायची ठरलेली वेळ) शनिवारी आहे. उद्या कुणी काही टाकणार नाही.