शाळा, अप-डाऊन आणि किराया : गाव सोडून बुटीबोरीला जावं का?

जामची सून

आमचं गाव जामच्या चौरस्त्यापासून आत, वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात. मिस्टर नागपूर जिल्ह्यातल्या बुटीबोरी एमआयडीसीत आहेत. जाऊन-येऊन रोज ९० किलोमीटर, गाडीवर. सातची पाळी असली की साडेपाचला निघतात. थंडीत हायवेवर धुकं असतं, स्वेटरच्या आत छातीला पेपर लावून जातात, आणि पोहोचल्याचा मिस्ड कॉल येईस्तोवर माझं कशात लक्ष लागत नाही. मुलगी तिसरीत आहे, मुलगा जूनमध्ये पहिलीत जाईल.

बुटीबोरीच्या एका लेआउटमध्ये दोन खोल्या आणि किचन पाहून आलो. किराया साडेपाच हजार. आता पेट्रोललाच महिन्याला पाच हजारांच्या जवळ जातात. म्हणजे किराया आम्ही आजही भरतोच, फक्त तो रस्त्याला जातो. गावची जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंत, पट २१, दोन शिक्षक. त्यातले एक कायम ऑनलाइन माहिती भरण्यात, नाहीतर तालुक्याच्या बैठकीत.

पण मनाला लागलेलं कारण वेगळं आहे. आम्ही बौद्धपुऱ्यात राहतो. गावात भांडण नाही, जयंतीची वर्गणी सगळे देतात. दिवाळीआधी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. बाकीच्या मुली आत बसल्या, हिची प्लेट ओसरीवर आली. हिनं खाल्लं नाही. पेढा मुठीत धरून घरी आणला आणि विचारलं, "मम्मी, मी आत काऊन नाही?"

लेआउटच्या त्या गल्लीत ओडिशाचं एक घर आहे, बिहारची दोन, तेलंगणातलं एक, शिवणकाम करणारी एक मुस्लिम ताई, बाकी भंडारा-गोंदियाकडचे. मुलं एकाच ओट्यावर खेळत होती, एकच पाण्याची बॉटल सगळ्यांत फिरत होती. मी तिथं उभी राहून तेच पाहत बसले, खोल्या नीट पाहिल्याच नाहीत.

सासरे नको म्हणतात. मी जाण्याच्या बाजूनं आहे. विरोध असेल तर मुद्द्यानं सांगा.

चार एकरवाला

ताई, माझा विरोध आहे. तुमच्या हिशेबात किराया आणि पेट्रोल आहे, पण घरात फुकट येणारं काहीच धरलं नाही. दूध, गहू, घरच्या तुरीची डाळ, परसातलं वांगं, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. तिथं सांबाराची जुडीसुद्धा विकत. कॉन्व्हेंटची फी, व्हॅन, दोन-दोन ड्रेस, बूट, लाइट बिल वेगळं. मी वर्धेला दोन वर्षं राहून आलो. पहिल्या वर्षी बैलजोडी विकली, दुसऱ्या वर्षी बायकोच्या कानातलं गेलं, तिसऱ्या वर्षी सामान ट्रॅक्टरमध्ये भरून परत. आणि वावराचं काय? सासरे एकटे कापूस वेचणीला मजूर कुठून आणतील? वेचणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

बुटीबोरीत आठ वर्षं

मी जा म्हणेन, पण डोळे उघडे ठेवून.

गल्ली मिश्र दिसते ती किरायदारांची. घरमालकांची गोष्ट वेगळी. आम्ही खोली शोधत होतो तेव्हा एका मालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातला मोहल्ला. मोहल्ला ऐकल्यावर खोली "कालच गेली" म्हणाला. पाटी पुढचे तीन आठवडे तिथंच लटकत होती. तिसऱ्या घरी मिळाली, आणि त्या मालकिणीनं आजवर काही विचारलं नाही. माझी पोरं तिला आजी म्हणतात. तेव्हा ओसरीवरची प्लेट इथं येणारच नाही असं समजून येऊ नका. पण इथं एक दार बंद झालं तर दुसरं ठोठावता येतं. गावात दारं मोजून तेवढीच असतात.

दुसरं, वारं कुठून येतं ते पाहून खोली घ्या. आमच्या आधीच्या खोलीत दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टवर संध्याकाळपर्यंत काळी पूड बसायची. बोट फिरवलं की रेघ उठायची. धाकट्याचा खोकला गल्ली बदलल्यावर थांबला.

झेडपी गुरुजी

मी शिक्षक आहे, म्हणून शाळेपुरतंच बोलतो.

मुलाला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, खासगी शाळेच्या २५ टक्के राखीव जागांत अर्ज करता येईल. तुम्ही नवबौद्ध, म्हणजे वंचित घटकात. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा लागतो. राहत्या पत्त्यासाठी किरायाचा करार नोंदणीकृत हवा, साध्या स्टॅम्पपेपरवर भागत नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा नियम सरकारनं २०२४ मध्ये आणला होता. उच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला, त्यामुळे वाट मोकळी आहे. पण नंबर लॉटरीत लागतो. लागलाच तर आठवीपर्यंत. नववीपासून पूर्ण फी तुमची.

मुलीला आरटीई नाही, तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच असतो. आणि तिच्याबाबतीत जायची घाई करू नका असं मला मनापासून वाटतं. नवोदय ही केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीचा प्रवेश परीक्षेतून. तिच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. बुटीबोरी नगर परिषद आहे, म्हणजे शहरी भाग. तिथं गेलात तर ती या कोट्यातून बाहेर, आणि जिल्हाही बदलतो. वर्धा जिल्ह्याच्या सेलूकाट्याऐवजी नागपूर जिल्ह्याच्या नवेगाव खैरीच्या नवोदयसाठी बसावं लागेल. मुलगी हुशार असेल तर सहावी ते बारावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिथं होतं.

आणि एक गोष्ट जड मनानं लिहितो. पट २१ आहे म्हणता. तुमची मुलगी गेली आणि मुलगा आलाच नाही, की शाळा २० वर येते. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचं पुढं काय करायचं याच्या चर्चा काही वर्षांपासून चालूच आहेत. ज्यांना कुठंच जाता येत नाही अशांची मुलं त्या शाळेत उरतील.

जामची सून

गुरुजी, नवोदयचं माहीत नव्हतं, खरंच आभार. मिस्टरांनाही वाचून दाखवलं.

पण पट वाचवायला माझीच मुलगी का? ज्यांच्या ओसरीवर तिची प्लेट आली, त्यांचा मुलगा व्हॅननं हिंगणघाटच्या कॉन्व्हेंटला जातो. त्यांना पट कुणी विचारला नाही. आमचे आजेसासरे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याला अज्ञानाचं आणि कोत्या मनाचं घर म्हटलं होतं, हे आमच्या घरात लहानपणी ऐकवतात. ते ऐकून मोठी झालेली बाई मुलीला सांगेल का, की बाई, शाळेचा पट टिकावा म्हणून तू ओसरीवरच बस?

पवनारकाठचा

मला तुमचा राग समजतो, तरी मी विरोधात लिहितो. याच वर्धा जिल्ह्यात गांधीजी १९३६ ला सेगावात येऊन राहिले, पुढं त्याचंच सेवाग्राम झालं. १९३७ मध्ये वर्धेच्या परिषदेत मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिकवायची नई तालीम मांडली गेली. गाव सुधारायचं तर शिकलेल्या, जागरूक माणसांनी गावात राहायला हवं. तुमच्यासारखी प्रश्न विचारणारी बाई गेली, तर त्या ओसरीबद्दल बोलणार कोण?

दुसरं भाषेचं. त्या गल्लीत मुलं हिंदीच बोलतील. माझ्या बहिणीचा मुलगा नागपूरजवळच्या अशाच लेआउटमध्ये वाढला. आजीनं डवरणीची, म्हणजे पिकातल्या कोळपणीची, गोष्ट सांगितली तर डवरा म्हणजे काय ते तो आईला हिंदीत विचारतो. आजी गप्प झाली, मी पाहिलं आहे.

हिंगणघाटकर

मधला मार्ग म्हणून हिंगणघाटला राहा. शाळा आहेत, मार्केट आहे, गावही जवळ.

बुटीबोरीत आठ वर्षं

हिंगणघाट जामच्या पलीकडं आहे भाऊ. मिस्टरांचं अंतर वाढेल. मग किरायाही भरा आणि पेट्रोलही.

दोन मुलींची आई

सगळे नवऱ्याचं अप-डाऊन मोजून राहिले, मुलीचं कुणी मोजलं नाही. शाळा चौथीपर्यंत आहे. नवोदयला नंबर नाही लागला तर पाचवीपासून तिचं अप-डाऊन सुरू होईल. नवोदयच्या एका वर्गात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, आणि परीक्षेला अख्खा जिल्हा बसतो.

एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत फुकट आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी वेळेवर यायला लागते. माझी मोठी आठवीत होती तेव्हा संध्याकाळची गाडी पावसाळ्यात कितीदा आलीच नाही. नाल्याला पूर आला म्हणायचे. ही फाट्यावर अंधारात उभी, आणि मी गावाच्या टोकाला कंदील नाही तर मोबाइलचा उजेड धरून. दहावीनंतर तिच्या वर्गातल्या चार मुलींची लग्नं झाली. त्या अभ्यासात कच्च्या नव्हत्या. त्यांच्या घरच्यांना तो फाटा नको झाला होता.

पवनारच्या भाऊंना एवढंच विचारते, गाव सुधारायचं काम आठ वर्षांच्या मुलीवर का टाकता?

पवनारकाठचा

मुलीवर नाही, मोठ्यांवर टाकत होतो. पण घर उचललं की मुलगी आणि मोठे एकत्रच जातात, हे खरं. फाट्याचं मी धरलं नव्हतं. भाषेचा मुद्दा मात्र सोडत नाही.

जामची सून

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री सासऱ्यांना मुलीनं विचारलेला प्रश्न पहिल्यांदा सांगितला. इतके दिवस तो त्यांच्यापासून लपवला होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तिथं ओटा केवढा आहे?

पुढच्या सुट्टीला त्यांना घेऊन जाते, संध्याकाळी, पोरं खेळायच्या वेळी. घरमालकाला आडनाव आणि मोहल्ला मीच आधी सांगेन, किरायाचं मागून. दोरीवरचे कपडेही पाहून येईन. नवोदयसाठी मुलगी पाचवीपर्यंत सासऱ्यांजवळ राहील का, यावर मिस्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. ती माझ्याशिवाय झोपत नाही.

चार एकरवाला

माझं मत बदललं नाही, जाऊ नका. पण गेलातच तर वावर ठेक्यानं देऊ नका, बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर द्या. डाळ-गहू घरात येत राहील, आणि सासऱ्यांना रोज बांधावर जायला कारण राहील.